जबड्याची चूळ

माझी मावशी दगड फोडते. हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं की समोरच्याचा चेहरा आधी हळहळतो आणि मग गोंधळतो, कारण मावशीचे कपडे इस्त्रीचे असतात आणि नखं आईच्या नखांपेक्षा स्वच्छ. आजोबा होते तोवर पाहुण्यांना ते घसा खाकरून सांगायचे, "धाकटी ना? ती प्रयोगशाळेत असते." 'प्रयोगशाळेत' हा शब्द ते खडीसाखर चघळल्यासारखा सावकाश म्हणायचे. लगेच स्वयंपाकघरातून आईचा आवाज यायचा, "दगड फोडते, बाबा! सांगा की खरं! काही चोरी नाही केली तिने!"

तर ती विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागात, तळघरात, दगड फोडते. गेली खरं म्हणजे टायपिंगच्या बदली कामावर. तिथे तेव्हा एक म्हातारे कारागीर होते. टायपिंग संपलं की ती त्यांच्या दारात उभी राहून बघायची. एकदा त्यांनी मान वर न करता विचारलं, "हात थरथरतो का?"

"रागावले की थरथरतो."

"मग इथे रागवायचं नाही."

तेव्हापासून ती तिथे एकदाही रागावलेली नाही. सगळा राग जपून घरी आणते.

तळघराच्या खोलीत मधोमध एक यंत्र आहे. पोलादाच्या दोन जाड पाट्या, एक जागच्या जागी, दुसरी तिच्यावर चावल्यासारखी येणारी. त्याला सगळे जबडाच म्हणतात. डोक्याएवढा दगड वरून टाकला की तो 'खडाक, खडाक, घर्रर्र' करत त्याची खडी करतो, आणि मध्येच कठीण तुकडा आला तर क्षणभर थांबून 'हं?' असं विचारतो. खडीची चक्कीत वाळू होते. वाळू चाळणीतून जाते, मग उतरत्या, थरथरणाऱ्या टेबलावर पाण्याबरोबर वाहते. हलके कण पुढे पळतात, जड मागे रेंगाळतात. रेंगाळलेल्यांवरून लोहचुंबक फिरतं. शेवटी बादलीभर दगडातून जे उरतं ते चिमटीतही धरता येत नाही. त्यात असतात झिरकॉन, मधाच्या रंगाचे लांबट कण, साध्या डोळ्यांना धूळच. मावशी सूक्ष्मदर्शकाखाली ते सुईच्या टोकाने एकेक उचलून ओळीत मांडते. त्या वेळी तिच्याशी बोलायचं नाही. शिंक आली तर बाहेर जायचं, आणि बाहेर म्हणजे जिन्यावर.

हे सगळं कशासाठी, तर प्रत्येक झिरकॉनमध्ये त्याचं वय साठवलेलं असतं. दुसऱ्या शहरात एक मोठं यंत्र आहे, ते मोजून सांगतं.

आता यात एक भीती असते. आधीच्या दगडाचा एखादा कण जबड्याच्या कोपऱ्यात चिकटून राहिला आणि पुढच्या दगडात मिसळला, तर नातवाच्या दाखल्यावर आजोबांची जन्मतारीख. म्हणून दर दगडानंतर मावशी तारेचा ब्रश मारते, हवा मारते, पाट्या पुसते, आणि शेवटी मूठभर शुभ्र गारगोटी जबड्यात टाकून ती खडी फेकून देते. गारगोटीत झिरकॉन नसतो. ती जाताना कोपऱ्यातलं उरलंसुरलं घेऊन जाते. मावशी याला 'जबड्याची चूळ' म्हणते. तळघरात नवा विद्यार्थी आला की त्याला आधी हेच ऐकवते, "आपण जेवल्यावर चूळ भरतो ना? त्यानेही भरायची."

विद्यार्थ्यांपैकी सगळ्यात जुना म्हणजे भावी. खरं नाव वेगळं आहे, पण इतकी वर्षं तो भावी डॉक्टर आहे की पुढचा 'डॉक्टर' लोकांनी सोडून दिला. उंच, वाकलेला, आणि प्रत्येक गोष्टीची सुरुवात "म्हणजे असं बघा" अशी. चहा हवाय का विचारलं तरी, "म्हणजे असं बघा, आत्ताच घेतलाय, पण..." आणि मग घेतो.

त्याचा अभ्यास एका जुन्या ग्रॅनाइटवर. वय अडीचशे कोटी वर्षं. हा दगड ज्या खाणीतून आणला ती आता पाण्याने भरलीय, त्यामुळे आणला तेवढाच. विभागाच्या रिवाजाप्रमाणे त्याचे करवतीने दोन भाग केले होते, एक फोडायला आणि एक राखीव. राखीव भाग कुलपात असतो आणि किल्ली मोठ्या बाईंकडे.

एका संध्याकाळी भावी केक घेऊन थेट आमच्या घरी आला. दार मीच उघडलं. तो चपलांसकट आत आला आणि आई काही म्हणायच्या आत लक्षात येऊन परत बाहेर गेला.

"मावशी! वयं आली! अडीचशे कोटीवाले आहेतच, पण त्यांच्यात तीन कण साडेतीनशे कोटींचे!"

"शंभर कोटी इकडे की तिकडे," आई म्हणाली, "तुम्हाला काय फरक पडतो?"

झालं. आईने त्याला विचारायला नको होतं.

"म्हणजे असं बघा," भावीने केकची सुरी हातात घेतली. "ग्रॅनाइट म्हणजे खोल जमिनीत वितळलेला आणि तिथेच सावकाश गोठलेला खडक. प्रश्न असा, की वितळलं काय? एक शक्यता, समुद्राचा तळ सरकत सरकत खंडाच्या काठाखाली घुसला. घुसताना पाणी घेऊन गेला. ते पाणी वर चढलं, त्याने वरचा खडक वितळला. सगळा ताजा माल. दुसरी शक्यता, दोन खंड एकमेकांवर आदळले, जमीन जाड झाली आणि तळाशी जुनीच जमीन वितळली."

"म्हणजे ताजं की उरलेलं गरम करून वाढलेलं," आई म्हणाली.

"अगदी!"

"आमच्याकडे रोज दुसरी शक्यता असते," मी म्हणाले. आईने माझ्या केकचा तुकडा परत ताटात ठेवला.

"आणि कळतं झिरकॉनमुळे," भावी रंगात आला होता. "खडक वितळला तरी झिरकॉन बहुतेकदा वितळत नाही. भात पेज होईपर्यंत शिजवा, खडा खडाच राहतो."

"आमच्या भातात खडे नसतात."

"उदाहरण आहे हो, ताई. तर हे तीन जुने कण म्हणजे दुसरी शक्यता खरी, खंड आदळले, आणि माझ्या ग्रॅनाइटच्या खाली साडेतीनशे कोटींची जमीन होती! एवढी जुनी जमीन तिकडे कुणाला सापडलेली नाही. पुढच्या महिन्यात परिषदेत मी हेच सांगणार. आणि प्रबंध संपला! आईला फोन केला, ती रडलीच." त्याने सुरी हवेत फिरवली. "काय चिवट कण आहे बघा हा! डोंगर झिजतो, डोंगराची वाळू होते, वाळू नदीतून वाहत जाते, तरी हा तसाच. कुठल्याही नदीची मूठभर वाळू घ्या, केव्हाच नाहीशा झालेल्या डोंगरांचे झिरकॉन सापडतील त्यात!"

मावशीने कप खाली ठेवला, आवाज न करता. आमच्या घरात कप आवाज न करता ठेवला गेला की काहीतरी झालेलं असतं.

भावीला ते कळलं नाही. तो अजून दोन तुकडे खाऊन गेला.

भांडी पुसताना आईने विचारलं, "काय गं? बोल की. त्याचा केक आवडला नाही का?"

"ती माशांची वाळू आठवते?"

ही वाळू आमचीच. मी मासे पाळले होते, ते फार दिवस पाळून घेण्याच्या तयारीत नव्हते. ते गेले, टाकी कुणाला तरी दिली, आणि तळाला घालायच्या वाळूची पांढरीशुभ्र पिशवी कपाटाखाली राहिली. दुकानातली, धुतलेली, पिशवीवर निळ्या अक्षरांत 'नैसर्गिक नदीची वाळू' असं छापलेलं. मावशीकडची गारगोटी संपली होती, नवी येत नव्हती, आणि भावी दाराशी दगड घेऊन ताटकळत होता. तेव्हा आईच म्हणाली होती, "ने बाई ही. घरातलं एक गाठोडं तरी कमी होईल."

"त्याच्या दगडाआधीची चूळ मी त्या वाळूने भरली," मावशी म्हणाली.

आईने फडकं खांद्यावर टाकलं. "मग? वाळू म्हणजे गारगोटीचाच चुरा ना? तूच सांगतेस."

"बराचसा. आणि बाकीचं काय असतं ते आत्ता ऐकलंस ना? मला ते माहीत होतं गं. कोणीही विचारलं असतं तर झोपेतही सांगितलं असतं. पण त्या दिवशी मी ती वाळू दगड म्हणून बघितलीच नाही. माशांची वाळू म्हणून बघितली."

आईने खांद्यावरचं फडकं परत हातात घेतलं.

"पिशवी मी दिली."

"जबड्यात मी टाकली."

"सांगायलाच हवं का? तो बघ किती खूश आहे. कोणाला कळणार आहे?"

"ते तीन कण आपल्या वाळूतले असतील, तर त्याने माशांच्या टाकीखाली खंड शोधलाय. आणि परिषदेत उभा राहून तेच सांगणारेय." मावशीने शेवटचा कप पुसला, उजेडात धरला, परत पुसला. "उद्या सांगते."

दुसऱ्या दिवशी तळघरात काय झालं ते मी ऐकलेलं नाही, मावशीने सांगितलं. पण मावशी सगळ्यांचे आवाज एकच काढते, स्वतःचा, त्यामुळे मी ते जागच्या जागी बसवून देते.

भावी आधी हसला. मग हसणं तसंच तोंडावर राहिलं आणि आतून निघून गेलं.

"किती टाकली?"

"मूठभर."

"नंतर ब्रश मारलात?"

"मारला."

"हवा?"

"तीही मारली."

"मग म्हणजे असं बघा, कशाला राहिले असतील? नसतीलच राहिले."

"नसतील."

"मग नसतील असंच धरू ना, मावशी."

"तू धर. मला नाही धरता येत."

तो तिथल्या स्टुलावर बसला. त्याचे गुडघे छातीशी येतात त्या स्टुलावर. "परिषदेला नाव गेलंय माझं. घरी सगळ्यांना सांगितलंय." मग हळूच, "मोठ्या बाईंना बोललात?"

"दगड तुझा आहे. तू बोल. मी बरोबर येते."

यावर तो बराच वेळ जबड्याकडे बघत बसला. मावशी म्हणते, तिने त्याला घाई केली नाही. उठला तो आपणहून.

मोठ्या बाई विभागप्रमुख. त्यांचं कुठलंही वाक्य क्रियापदापर्यंत पोचत नाही, उरलेलं समोरच्याने भरायचं. हा प्रसंग विभागात इतक्यांदा सांगितला गेलाय की आता तो मलाही पाठ आहे.

"म्हणजे ती वाळू..."

"नदीची, बाई."

"आणि आली कुठून, तर..."

"माशांच्या टाकीतली. घरच्या."

"मग मासे..."

"मेले, बाई."

"अरेरे." हे मात्र पूर्ण.

मग त्यांनी खणातून किल्ली काढली. "राखीवातला अर्धा. उरलेल्याला मात्र..."

"हात लावणार नाही," भावी म्हणाला.

"आणि पिशवीतली वाळूसुद्धा..."

"आणते. तिचेही कण काढून वयं मोजू," मावशी म्हणाली.

"परिषदेचं..."

इथे भावी पुढे झाला. "नाव मागे घेतो, बाई."

मोठ्या बाईंनी मान हलवली आणि मावशीकडे वळल्या. "तुम्ही..." म्हणाल्या, आणि थांबल्या. मावशी वाट बघत राहिली. मग त्यांचा फोन वाजला.

"आयुष्यात पहिल्यांदा मला त्यांचं वाक्य पुरं करता आलं नाही," मावशी घरी म्हणाली. जेवताना परत म्हणाली. आईने पाच-सहा क्रियापदं सुचवली, सगळी चांगली, पण मावशीला एकही पटलं नाही.

मला सुट्टी होती म्हणून वाळूची पिशवी पोचवायला मला पाठवलं, त्यामुळे पुढचं मी डोळ्यांनी बघितलं. मावशीने जबड्याच्या पाट्या चक्क सोडवून बाहेर काढल्या होत्या. शेजारच्या कॉलेजातून उसनी आणलेली गारगोटी परातीत होती. आणि एरवी जबड्याजवळ कुणाला उभं न करणाऱ्या मावशीने भावीला चष्मा आणि मास्क लावून समोर उभं केलं होतं.

"बघ," ती प्रत्येक गोष्टीला म्हणत होती. ब्रश मारला, "बघ." कोपरा पुसला, फडकं त्याच्यासमोर धरलं, "बघ."

"मावशी, दिसतंय मला. विश्वास आहे माझा."

"विश्वास नको ठेवूस. बघ."

चूळ एकदा भरली. मग दुसऱ्यांदा भरली. मग राखीव दगडाचा अर्धा तुकडा आला, राखी-गुलाबी, काळ्या ठिपक्यांचा. मावशीने तो टाकण्याआधी जरा वेळ हातात धरला. जबडा 'खडाक, खडाक, घर्रर्र' करून मोकळा झाला. दिवसभरात भावीने एकदाही 'म्हणजे असं बघा' म्हटलं नाही. त्याला बरं नाही की काय असं मला वाटलं.

कण वयं मोजायला गेले. तिथे रांग असते, त्यामुळे वाट बघणं आलं.

तोवर बातमी विभागभर झाली होती. वरच्या मजल्यावरच्या एका संशोधकाने मावशीकडे दिलेले दगड परत नेले. "घाई नाही म्हणून," तो जाताना म्हणाला. ज्याला घाई नसते तो दगड ठेवून जातो, नेत नाही. मावशीचं टेबल रिकामं झालं. ती आधीच स्वच्छ असलेल्या चाळण्या परत धुऊ लागली. घरी आली की आईच्या चाळण्याही धुऊ लागली. आईने एकदा तिच्या हातातून पिठाची चाळणी काढून घेतली आणि म्हणाली, "हिच्यात झिरकॉन नाहीत गं बाई. असले तरी आम्ही खातो."

मावशी हसली, पण थोडंच.

मग तिने ठरवलं, गारगोटीसाठी यापुढे कोणाच्या तोंडाकडे बघायचं नाही. शहराबाहेरच्या टेकडीवर गारगोटीचा एक पांढरा पट्टा आहे असं मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, म्हणजे "त्या टेकडीवर..." म्हणाल्या होत्या. तर रविवारी आम्ही निघालो. मावशी, आई, मी, आणि हातोडा घेऊन भावी. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. तो बसथांब्यावर उभाच होता.

टेकडी उघडी, ऊन कोवळं. पट्टा लांबूनच दिसला, ग्रॅनाइटमधून खडूची रेघ ओढल्यासारखा. भावी फोडायचा, मावशी निवडायची, मी पोत्यात भरायचे आणि आई एका दगडावर बसून आम्ही कसे चुकतोय ते सांगायची.

"हातोडा असा धरतात का? खिळा ठोकतोयस की डोंगर?"

"ताई, म्हणजे असं..." भावी म्हणाला, आणि तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. खाली रस्त्यावर फोनला रेंज नव्हती, इथे होती. त्याने हातमोजे काढले, बघितलं, आणि हातोडा खाली ठेवला.

"आलं," तो म्हणाला.

मावशी आणि मी जवळ गेलो.

तो वाचत गेला. वाळूच्या कणांत निरनिराळी वयं निघाली होती, आणि त्यांत साडेतीनशे कोटींचे बरेच होते. नव्याने फोडलेल्या ग्रॅनाइटमध्ये तसला एकही नव्हता.

"माझ्याच वाळूतले होते तर," मावशी म्हणाली.

"हो, तसंच दिसतंय."

मावशीने मान हलवली. हातातली गारगोटी तिने पोत्यात ठेवली नाही, टाकलीही नाही. भावी खाली बसला. प्रबंधाची सहा वर्षं म्हणजे किती, हे त्याच्या पाठीकडे बघून मला त्या दिवशी कळलं. मला एरवी त्याची नक्कल करताना फार मजा येते. तेव्हा करावीशी वाटली नाही.

मग तो परत फोनकडे वळला आणि बोटांनी चित्र मोठं केलं. "हे दोन बघा, मावशी."

चित्रात दोन कण मधोमध कापलेले होते. आत गडद गाभा, भोवती फिकट साल, आंब्याच्या कोयीसारखं.

"साल अडीचशे कोटींची, म्हणजे ग्रॅनाइटच्याच वयाची. गाभा पावणेतीनशेचा."

मावशीने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "साल ग्रॅनाइटचीच, म्हणजे हा कण बाहेरून आलेला नाही. जबड्यातून अशी साल चढत नाही."

"नाही चढत. म्हणजे जुनी जमीन वितळली, पण फार जुनी नाही. आणि फक्त दोनच कणांत. बाकीचा माल ताजा." त्याने काठीने मातीत एक रेघ ओढली, तिच्याखाली दुसरी तिरकी ओढली. "समुद्राचा तळ असा खाली गेला असणार. वितळलेला रस वर येताना खंडाची कड थोडी खाऊन आला. टक्कर नाहीच झाली. मी उलटंच सांगणार होतो."

"परिषदेत," आई म्हणाली.

"परिषदेत, सगळ्यांसमोर." तो मातीतल्या रेघांकडे बघत राहिला. "हे असं काही फार मोठं नाही. असे ग्रॅनाइट पुष्कळ ठिकाणी आहेत."

"पण हा असा आहे ना?" मावशीने विचारलं.

"हा असा आहे."

"मग प्रबंधात काय लिहिशील?"

"झालं तेच. पहिली तीन वयं रद्द, कारण यंत्र नदीच्या वाळूने साफ केलं होतं. नाव नाही घालत कुणाचं."

"घाल," मावशी म्हणाली. "नाहीतर पुढचा वाचणारा म्हणेल तू केलंस."

"म्हणू दे की."

"केलं मी आणि म्हणणार तुला? घाल."

भावीने मान डोलावली. "मग दुसऱ्या खेपेलाही घालणार. तीही तुम्हीच केलीत."

"ते तुझं तू बघ," मावशी म्हणाली, आणि तोंड वळवून पदराने चष्मा पुसू लागली. तो पुसलेलाच होता.

आईने उठून पोत्याला हात घातला. पोतं हललंही नाही. "एवढे कोणी भरले?" तिने माझ्याकडे बघितलं. "खालपर्यंत कोण नेणार, तुझे मासे?"

शेवटी पोतं उलटं केलं. मावशी एकेक दगड उन्हाकडे धरून बघायला बसली. लालसर डाग दिसला की बाजूला, पांढराशुभ्र असला की पोत्यात. भावी तिच्याशेजारी उकिडवा बसला, ढिगातून एक उचलला, स्वतःच उन्हात फिरवून बघितला आणि मग तिच्यापुढे केला.

"मावशी, हा?"

तिने बघितला. "कडेला अभ्रक चमकतंय. नको."

त्याने तो मागे टाकला आणि दुसरा शोधायला लागला.